बेसावध क्षणांचीं छायाचित्रें

अमरावतींत नवख्या माणसानें एखाद्या घराचा पत्ता विचारला, तर उत्तरादाखल त्याला दोनचार चित्रपटगृहांचीं नांवें ऐकून घ्यावीं लागतात. प्रभात चौक, श्याम चौक, चित्रा चौक, अशी त्या शहरांतील चौकांची ओळखच मुळीं थिएटरांवरून पडलेली आहे. हें केवळ शौकामुळें झालें असें नव्हे. मध्यप्रांत-वऱ्हाडांत चित्रपटांचें वितरण ज्या ठाण्यांवरून चालत असे, त्यांपैकीं अमरावती हें एक मोठें ठाणें होतें. भुसावळ हें दुसरें. मुंबई-पुण्याकडून निघालेली फिल्मची पेटी रेल्वेनें येई आणि मग तिचा प्रवास अकोला, यवतमाळ, खामगांव अशा गांवांतून होई. पेटीबरोबर जाहिरातीचें सामानहि असे, आणि त्यांत त्या चित्रपटांतील प्रसंगांचीं छायाचित्रें असत. तीं थिएटरच्या दाराशीं काचेच्या चौकटींत टांचलीं जात. तिकिटापुरते पैसे खिशांत नसलेला शाळकरी मुलगाहि तीं पाहून अर्धी कथा घरीं येऊन सांगे, आणि उरलेली अर्धी मनानें रची.

हीं छायाचित्रें जुळवून घेतलेलीं असत, हें सांगावयास नकोच. दृश्याचें चित्रण आटोपल्यावर तोच प्रसंग छायाचित्रकारासाठीं पुन्हां उभा केला जाई. त्यामुळें नायक-नायिका ज्या कोनांत उभीं दिसत, तो कोन प्रत्यक्ष चित्रपटांत पुष्कळदां आढळतहि नसे. प्रकाश नेमका, साडीच्या चुण्या जागच्या जागीं, डोळे कोठें लावावयाचे तें ठरलेलें. ह्या जुळवाजुळवीचें सामर्थ्य मात्र कमी लेखण्याचें कारण नाहीं. विष्णुपंत पागनीस ह्यांनीं 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटांत धारण केलेली मुद्रा महाराष्ट्राच्या मनांत अशी ठसली, कीं तुकोबांचें स्मरण होतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पागनीसच उभे राहतात. रंगभूमीवर एके काळीं स्त्रीभूमिका करणारा हा नट, पण लोकांनीं त्याला संतपदीं नेऊन बसविलें!

आतां क्षणभर असें समजावें, कीं तेच पागनीस वीणा बाजूस ठेवून, पगडी मांडीवर घेऊन, दोन दृश्यांच्या मधल्या वेळांत बशींतून चहा पीत आहेत, आणि कोणीं तरी नकळत त्यांचें छायाचित्र घेतलें आहे. तें पाहून भाविकाच्या मनाला धक्का बसेल काय? कदाचित् बसेलहि. पण तो धक्का हितकारकच म्हटला पाहिजे. संतत्व हें त्या माणसाच्या अंगीं आपोआप आलेलें नसून तें त्यानें दिवसभर उन्हांत उभें राहून कष्टानें निर्माण केलें, हें त्या चहाच्या बशीनें जितकें कळेल तितकें काचेच्या चौकटींतील फोटोनें कळणार नाहीं.

नटनटींचीं अशीं बेसावध छायाचित्रें पाहण्याचा आणि एकमेकांस दाखविण्याचा नाद आज सुशिक्षित घरांत चांगलाच रुजला आहे. अकोल्याच्या एखाद्या घरांत सकाळचा चहा होतो न होतो, तोंच पुण्याचा किंवा परदेशचा कोणी नातलग मोबाइलवर एक करडें, जुनें छायाचित्र धाडतो. हंफ्रे बोगार्ट चित्रीकरणाच्या जागीं बुद्धिबळाचा पट मांडून बसला आहे. ऑड्रे हेपबर्न हरिणाचें पाडस बरोबर घेऊन दुकानांत खरेदी करीत आहे. खालीं एकच ओळ असते, "पहा, किती साधीं माणसें हीं!" घरांतील आजी चष्मा शोधते, नातवंडें हंसतात, आणि तें चित्र दुपारपर्यंत आणखी दहा घरीं पोंचतें.

ह्या हरिणाच्या पाडसाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तीं छायाचित्रें १९५८ सालीं बॉब विलोबी ह्या छायाचित्रकारानें घेतलीं. हेपबर्नबाई त्या वेळीं 'ग्रीन मॅन्शन्स' ह्या चित्रपटांत काम करीत होत्या. दिग्दर्शक होते त्यांचेच पति मेल फेरर. पडद्यावर पाडसानें नायिकेच्या मागें मागें चालावयास हवें होतें. म्हणून त्याला तिचा लळा लागावा यासाठीं तें तिच्या घरीं वाढविण्यांत आलें. विलोबी हा तर चित्रपटांसंबंधीं छायाचित्रें काढण्याचा व्यवसायच करीत असे. तेव्हां दुकानांतील तो प्रसंग खोटा नव्हता, पण निव्वळ सहजहि नव्हता. पाडसाची माया खरी होती, आणि त्या मायेमागें चित्रपटाचें कामहि होतें. एवढें कळल्यावर त्या चित्राची गोडी कमी होते असें मुळींच नाहीं; उलट तें पुन्हां एकदां निरखून पाहावेंसें वाटतें.

बेसावध माणसाचें छायाचित्र घेण्याची ही कलाच मुळीं तशी अलीकडची. पूर्वीं कॅमेऱ्यापुढें मान न हलवितां बसावें लागे. कित्येक ठिकाणीं मानेला आधार देणारा लोखंडी दांडाहि मागें लावीत. १९२५ सालीं जर्मनींत लायका नांवाचा लहान कॅमेरा विक्रीस आला. गंमत अशी, कीं त्यांत चलच्चित्राचीच ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरलेली होती; म्हणजे सिनेमाच्या फितीनेंच सिनेमांतील माणसांना बेसावध पकडण्याचें साधन पुरविलें. त्याच देशांतील डॉ. एरिच सॉलोमन हे कायद्याचे पदवीधर. त्यांनीं १९२८ सालीं न्यायालयांत टोपींत कॅमेरा दडवून छायाचित्रें घेतलीं आणि ते एकदम प्रसिद्धीस आले. दोन वर्षांनीं ते अमेरिकेंत गेले. तेथें मार्लीन डीट्रिच ही नटी बर्लिनमध्यें राहिलेल्या आपल्या लहान मुलीशीं दूरध्वनीवर बोलत असतां त्यांनीं तिचें छायाचित्र घेतलें. पडद्यावरची मोहिनी त्यांत नाहीं. आहे ती समुद्रापलीकडच्या लेकरासाठीं आसुसलेली आई. पुढें नाझी राजवटींत ह्याच सॉलोमन ह्यांचा १९४४ सालीं आउश्वित्झच्या छळछावणींत अंत झाला. तें छायाचित्र आज ज्यांच्या हातीं येतें त्यांपैकीं किती जणांना हें ठाऊक असेल?

हॉलिवुडच्या चित्रसंस्थांना ह्या सहजतेची किंमत फार लवकर कळली. एकीकडे जॉर्ज हरेलसारखा कुशल कलावंत नटींचीं छायाचित्रें काढी, आणि मग पेन्सिलीनें नेगेटिव्हवर काम करून त्यांतील चेहरा संगमरवरासारखा नितळ केला जाई. जोन क्रॉफर्ड हिच्या १९३१ सालच्या एका छायाचित्राच्या दोन्ही प्रती आज पाहावयास मिळतात. एकींत चेहऱ्यावरचे बारीक ठिपके न् ठिपके स्पष्ट आहेत, दुसरींत त्यांचा मागमूसहि नाहीं. दुसरीकडे त्याच संस्थांचें प्रसिद्धिखातें नटींच्या घरीं छायाचित्रकार धाडून त्यांना स्वयंपाकघरांत, बागेंत, कुत्र्याशीं खेळतांना उभें करी आणि तीं चित्रें 'सहज टिपलेलीं' म्हणून मासिकांकडे रवाना होत. जुळवून घेतलेला फोटो निदान तसें कबूल तरी करतो. सहजतेचें सोंग आणणारा फोटो अधिक फसवा. आपल्याकडेहि ह्या जाहिरातीच्या विद्येला फार उशीर लागला नाहीं. हॉलिवुडच्या नटींच्या चेहऱ्यावर खपणाऱ्या लक्स साबणाच्या जाहिरातींत १९४१ सालीं एक मराठी चेहरा झळकला. तो लीला चिटणीस ह्यांचा.

ह्याच लीलाबाईंच्या काळांतील खरीखुरी बेसावध छायाचित्रें पाहावयाचीं, तर मुंबईजवळ मालाडला 'बॉम्बे टॉकीज'मध्यें जावें लागतें. हिमांशु राय व देविकाराणी ह्यांनीं १९३४ सालीं ती संस्था उभारली. तिचा मुख्य छायालेखक म्युनिक येथील जोसेफ विर्शिंग हा होता. १९२५ सालच्या 'प्रेम संन्यास' ह्या चित्रपटाच्या निमित्तानें तो प्रथम हिंदुस्थानांत आला होता. 'अछूत कन्या'सारखे चित्रपट त्यानें टिपले, हें चित्रपटांच्या नामावलींत नमूद आहेच. पण चलच्चित्राच्या अवजड कॅमेऱ्याखेरीज त्याच्यापाशीं साधीं छायाचित्रें काढण्याचाहि कॅमेरा असे, आणि कामाच्या मधल्या वेळांत जें दिसेल तें तो टिपून ठेवी. ह्या संग्रहांत देविकाराणी आहेत, लीला चिटणीस आहेत, प्रयोगशाळेंतील मदतनीसाचा अकस्मात् नायक झालेले अशोककुमार आहेत. आणि त्यांच्या भोंवतीं कॅमेऱ्याच्या गाड्यापाशीं घोटाळणारे, दिवे वाहणारे, उन्हांत चकचकीत फळ्या धरून उभे राहणारे लोक आहेत.

१९३९ सालच्या सप्टेंबरांत युद्ध पेटलें. 'कंगन' ह्या लीलाबाईंच्या चित्रपटाचें काम त्या वर्षींचें. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक विर्शिंग हे दोघेहि जर्मन. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून सरकारनें त्यांना पकडून स्थानबद्ध केलें. ऑस्टेन पुढें मायदेशीं परतले. विर्शिंगनें युद्धाचीं वर्षें नजरकैदेंत काढलीं, आणि सुटल्यावर तो येथेंच राहिला. १९४९ चा 'महल' त्याच्या कॅमेऱ्याचा. 'पाकीज़ा'चें काम चालू असतां १९६७ सालीं तो मुंबईस वारला. चित्रपट पडद्यावर आला तो १९७२ सालीं. त्याच्या नेगेटिव्ह मात्र घरच्यांनीं सांभाळल्या. त्यांतील निवडक छायाचित्रांचें प्रदर्शन डिसेंबर २०१७ मध्यें गोव्यांत पणजी येथें भरलें, आणि २०२३ सालीं देवश्री मुखर्जी ह्यांनीं संपादिलेल्या ग्रंथाच्या रूपानें तीं लोकांपुढें आलीं. काढल्यापासून लोकांच्या दृष्टीस पडेपर्यंत ऐंशीं वर्षें! तेवढ्या अवधींत लीलाबाई 'चंदेरी दुनियेत' हें आत्मचरित्र लिहून, अमेरिकेंतील एका वृद्धाश्रमांत २००३ सालीं निवर्तल्याहि होत्या.

हीं छायाचित्रें मोबाइलवर फिरतांना एक विलक्षण प्रकार घडतो. मधोमध असलेल्या तारकेचें नांव सर्वांना ठाऊक असतें, म्हणून तेवढेंच सांगितलें जातें. पुष्कळदां कडेचीं माणसें कातरून टाकून केवळ तिचा चेहरा पुढें धाडतात. वास्तविक अशा छायाचित्रांत पाहण्यासारखें जें आहे तें बहुधा कडेलाच असतें. तारकेचा चेहरा तर शंभर ठिकाणीं मिळेल. तिच्या साडीचा पदर टांचून देणारी बाई, छत्री धरणारा पोरगा, ध्वनिलेखनाच्या यंत्रापाशीं कानाला फोन लावून बसलेला तंत्रज्ञ, हीं माणसें मात्र कदाचित् त्या एकाच चित्रांत सांपडतील. 'बॉम्बे टॉकीज'च्या संगीताची धुरा वाहणाऱ्या सरस्वतीदेवी ह्या मूळच्या पारशी, खुर्शीद होमजी. समाजाच्या विरोधामुळें त्यांना नांव बदलावें लागलें. अशी व्यक्ति एखाद्या गर्दीच्या छायाचित्रांत कोपऱ्यांत उभी असली, तर 'अनोळखी स्त्री' म्हणून तिची बोळवण व्हावी काय?

दादासाहेब फाळके ह्यांना ही गोष्ट फार पूर्वीं उमगली होती. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' लोकांनीं पाहिला, पण हें घडतें कसें हें कुतूहल त्यांना स्वस्थ बसूं देईना. तेव्हां फाळक्यांनीं १९१७ च्या सुमारास 'चित्रपट कसे तयार करतात' अशी एक छोटी फिल्मच काढली. तिचा कांहीं भाग सुदैवानें उरला आहे. त्यांत स्वतः फाळके नटांना सूचना देतांना आणि फितीचे तुकडे तपाशीत बसलेले दिसतात. तींतला सहजपणाहि घडविलेलाच आहे, पण तो लपविलेला नाहीं. 'हरिश्चंद्रां'तील तारामती झाली ती कोणी स्त्री नव्हे. खाणावळींत काम करणारे साळुंके नांवाचे तरुण गृहस्थ होते. स्त्रिया मिळेनात म्हणून फाळक्यांनीं त्यांना साडी नेसविली. साळुंक्यांचें एखादें बेसावध छायाचित्र, मिशी काढल्यावर आरशांत पाहतांनाचें, कोणाच्या पेटींत असेल तर त्याची किंमत सोन्यानें करतां येणार नाहीं.

आणि ही नुसती हौसेची गोष्ट नाहीं. हिंदुस्थानांत सुमारें १३०० मूकपट निघाले. त्यांतील तीसहि आज धड अवस्थेंत उरलेले नाहींत. जुनी नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत लागलेल्या आगींत तशा फिल्मचा मोठा साठा भस्मसात् झाला. चित्रपट गेला, पण त्याचें एखादें छायाचित्र मागें राहिलें, असें कितीएक चित्रपटांच्या बाबतींत झालें आहे. तेथें तें छायाचित्र हाच त्या चित्रपटाचा एकुलता वारस होय. अशा वेळीं त्यावर खोटें नांव, खोटें साल चिकटविलें, तर वारसच बदलल्यासारखें होतें.

वऱ्हाडच्या श्रोत्यांनीं ह्या संदर्भांत भगवान आबाजी पालव ह्यांची आठवण अवश्य करावी. सारा देश त्यांना भगवानदादा म्हणून ओळखतो; त्यांचा जन्म १९१३ सालीं अमरावतीचा. गिरणी कामगाराचा हा मुलगा मूकपटांच्या काळांत ह्या धंद्यांत शिरला. १९५१ सालीं 'अलबेला' त्यानेंच काढला, त्यानेंच दिग्दर्शिला आणि नायकहि तोच झाला. संगीत सी. रामचंद्र ह्यांचें, नायिका गीता बाली. पैसा आला, जुहूस बंगला झाला, मोटारी झाल्या. पुढें नशीब फिरलें, सर्व विकावें लागलें, आणि शेवटचीं वर्षें दादरच्या चाळींत काढून २००२ सालीं भगवानदादा वारले. त्यांचे आरंभीचे पुष्कळ चित्रपट गोदामाच्या आगींत गेले.

ह्या माणसाचीं जीं छायाचित्रें हल्लीं फिरतात, त्यांत बरींचशीं त्या शेवटच्या काळांतलीं असतात. चाळीची खोली, थकलेला देह, आणि खालीं "काय होते, काय झाले!" असा उद्गार. पाठविणाऱ्याच्या मनांत दया नसते असें नाहीं. पण त्या दयेंत तमाशा पाहण्याची हौस किती मिसळलेली आहे, हें ज्याचें त्यानें तपासून पाहिलेलें बरें. आजारी माणसाच्या खोलींत जातांना आपण दारावर थाप मारतों; त्याच्या छायाचित्राला मात्र दार नसतें. शिवाय ज्या चाळीला लोक दुर्दैवाची खूण समजतात, तींत मुंबईचीं लक्षावधि कष्टाळू कुटुंबें मानानें राहिलीं. गणपतीच्या मिरवणुकी दादांच्या दारापुढें थांबत, आणि दादा खालीं येऊन आपला तो सुप्रसिद्ध ठेका धरीत, असें सांगतात. ती दीनवाण्या माणसाची चाल खास नव्हे. पाठवावयाचेंच असेल, तर हाताखालच्या नर्तकांना पावलें समजावून देणारा, घामानें सदरा भिजलेला भगवान पाठवावा. तेंहि बेसावधच छायाचित्र असेल.

येथें स्त्रियांच्या बाजूनेंहि विचार झाला पाहिजे. शान्ता आपटे ह्यांनीं १९३९ सालीं 'प्रभात'च्या फाटकाशीं उपोषण केलें. करारासंबंधींचा तो झगडा होता. पुढच्याच वर्षीं त्यांनीं 'जाऊ मी सिनेमात?' ह्या नांवाचें पुस्तक लिहून ह्या धंद्याची आंतली बाजू मराठी वाचकांपुढें मांडली. आपलें चित्र कोणीं, केव्हां आणि कशासाठीं घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार आपला आहे, असें मानणाऱ्या नट्या त्याहि काळीं होत्या. झोंपलेली, रडणारी, वेष बदलणारी नटी जेव्हां छायाचित्रांत सांपडते, तेव्हां तिची संमति होती किंवा नव्हती हा प्रश्न ऐंशीं वर्षांनीं शिळा होत नाहीं. छायाचित्रकाराच्या हक्कासंबंधीं तर कायदाच आहे. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत चालतो. पण घरगुती देवघेवींत कायद्याच्या आधीं सौजन्य येतें, आणि तें फार खर्चाचें नाहीं. छायाचित्रकाराचें नांव माहीत असेल तर लिहावें, इतकेंच.

अलीकडे तर जुन्या चित्रांना यंत्राकडून रंग चढवितात, आणि कधीं घडलाच नाहीं असा प्रसंगहि यंत्राकडून रचून घेतात. रंगविलेल्या चित्रांत देविकाराणींची साडी हिरवी दिसली, म्हणून ती हिरवी होती असें ठरत नाहीं. रचलेल्या चित्राची शंका आल्यास घाई न करितां बोटें मोजावींत, पाटीवरचीं अक्षरें वाचावींत, आणि तें प्रथम कोठें छापलें गेलें ह्याचा शोध घ्यावा. त्यांतूनहि संशय फिटला नाहीं, तर पुढें धाडण्याची निकड कोणालाच नसते.

ज्या घरीं अस्सल प्रती असतील, त्यांची गोष्ट निराळी. वऱ्हाडांतल्या जुन्या घरांत माळ्यावर पत्र्याच्या पेट्या असतात. एखाद्या पेटींत लग्नाच्या फोटोंखालीं थिएटरच्या चौकटींतून उतरलेलीं चित्रें, गाण्यांच्या पुस्तिका, किंवा एखाद्या हौशी मामानें मुंबईच्या स्टुडिओंत स्वतः काढलेला नटीचा फोटो निघणें अशक्य नाहीं. वैशाखांत ती पेटी भट्टीसारखी तापते, पावसाळ्यांत ओल धरते, आणि कसर तर बारमाही. तेव्हां ती माळ्यावरून खालीं आणून आंतल्या, सावलीच्या खोलींत ठेवावी. फोटो डिंकानें चिकटवूं नयेत आणि प्लॅस्टिकमध्यें तापवून बंद करूं नयेत. साध्या कागदाच्या पाकिटांत एकेक ठेवावा. पाठीमागें स्टुडिओचा शिक्का असल्यास त्याचाहि फोटो घ्यावा, कारण कित्येकदां साल तेथूनच कळतें. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें तें केवळ फिल्मसाठीं नव्हे. छायाचित्रें, पुस्तिका व भित्तिपत्रकेंहि तेथें जतन केलेलीं आहेत. घरांत कोणाला ह्या गोष्टींची आवड उरली नसेल, तर रद्दीवाल्याआधीं अशा संग्रहालयाला एक पत्र लिहावें.

मात्र पेटी उघडावयाची ती घरांतील वडील मंडळी जवळ असतां उघडावी. फोटोंतील दिवे धरणारा माणूस कोण, मागें दिसणारें थिएटर अमरावतीचें कीं अकोल्याचें, हें सांगणारें माणूस बहुधा एकच असतें आणि त्याचें वय ऐंशींच्या पुढें असतें. ते जें सांगतील तें फोटोच्या पाठीवर, कडेला, हलक्या हातानें लिहून ठेवावें. पेन्सिल मऊ शिसाची असावी. शाई कालांतरानें पाझरते आणि चेहऱ्यावर उमटते.